रुई : उपटावी की राखावी?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड व पाथर्डी या तालुक्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस माळावर दृष्टी टाकली, तर गवत करपून गेलेले असते, बोरींनी पाने टाकलेली असतात आणि गुरांना तोंड घालावयास काही उरलेले नसते. अशा उजाड माळावर एकच झुडूप पांढुरक्या, रुपेरी पानांनी डवरलेले आणि फुलांच्या गुच्छांनी लगडलेले दिसते. हे झुडूप म्हणजे रुई होय. त्यास कोणी पाणी घातलेले नसते, खत दिलेले नसते आणि बहुतेक वेळा कोणी लावलेलेही नसते.

या झुडपासंबंधी शेतकरी वर्गात आज दोन मते ऐकू येतात. पहिले मत जुने आहे. रुई हे तण आहे; ते बांधावर दिसेल तेथून उपटावे, नच उपटले तर तणनाशक मारून जाळावे, असे हे मत सांगते. दुसरे मत अलीकडचे आहे. शनिवारच्या हारांना असलेली मागणी आणि रुईच्या तंतूपासून होणाऱ्या कापडाची चर्चा कानी आल्यामुळे, रुईची एकरी लागवड करून तिला नगदी पीक करावे, असे काही उत्साही मंडळी सांगू लागली आहेत. विचारान्ती ही दोन्ही मते एकांगी ठरतात. रुई शत्रू नव्हे, आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य हटविणारे पीकही नव्हे. दुसरे काही न येणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर समजून लावावे, जपावे आणि बेताने वापरावे असे हे झुडूप आहे. या म्हणण्याची कारणे पुढे दिली आहेत.

झुडपाची ओळख

महाराष्ट्रात रुईच्या दोन जाती सर्वत्र आढळतात. मोठ्या रुईस शास्त्रीय परिभाषेत कॅलोट्रॉपिस जायगँशिया म्हणतात. तिची फुले फिकट जांभळी किंवा पांढरी असून पाकळ्या बाहेरच्या बाजूस पसरलेल्या असतात. पांढऱ्या फुलाच्या रुईस पुष्कळ ठिकाणी मांदार म्हणतात व तिला पूजेत विशेष मान आहे. लहान रुईचे शास्त्रीय नाव कॅलोट्रॉपिस प्रोसेरा असे आहे. तिच्या पाकळ्या उभ्या असून त्यांची टोके गडद जांभळी असतात. दोन्ही जातींची पाने जाड, समोरासमोर आलेली व जवळजवळ देठरहित असतात. कोठेही खुडले तरी झुडपातून पांढरा चीक वाहू लागतो.

जिल्ह्याच्या जीवनात या झुडपाचे स्थान जुने आहे. नगर तालुक्यात रुईछत्तिशी व राहाता तालुक्यात रुई अशी गावांची नावेच आहेत. मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ घालण्याची प्रथा गावोगावी आहे. रथसप्तमीच्या स्नानात रुईची पाने डोक्यावर व खांद्यांवर ठेवतात. गणपतीच्या पत्रींत अर्कपत्राचा समावेश आहे, आणि नवग्रहांच्या होमात सूर्यासाठी अर्काचीच समिधा लागते. पायात काटा मोडला म्हणजे त्या जागी रुईचा चीक लावणे आणि सुजलेल्या सांध्यास तेल लावलेली गरम पाने बांधणे, हे उपचारही खेड्यांतून चालत आले आहेत. उकललेल्या बोंडातून वाऱ्यावर तरंगत जाणाऱ्या ‘म्हातारी’मागे न धावलेले खेड्यातील मूल विरळाच.

पान रुपेरी का दिसते?

रुईचे पान मुळात हिरवेच असते. त्यावर मेणाचा पातळ थर व पांढऱ्या, मऊ केसांची लव असल्यामुळे ते रुपेरी दिसते. पानाच्या खालच्या बाजूस व कोवळ्या शेंड्यावर ही लव दाट असते. बोटाने चोळली असता ती पिठासारखी निघते. ही लव म्हणजे झुडपाची छत्री होय. तिच्यामुळे उन्हाचा बराच भाग परावर्तित होतो, पान कमी तापते, आणि पानालगतची हवा स्थिर राहिल्याने बाष्पाच्या रूपाने होणारा पाण्याचा व्यय घटतो. जमिनीखाली रुईचे सोटमूळ सरळ खोल जाते. वालुकामय जमिनीत ते आठ-दहा फुटांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. वरचा थर कोरडा ठणठणीत झाला तरी हे मूळ खालचा ओलावा मिळवीत राहते.

अवर्षणाच्या प्रदेशातील अनेक वनस्पतींनी हाच मार्ग पत्करला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या कोरड्या भागात ल्युकोफायलम नावाचे रुपेरी पानांचे व जांभळ्या फुलांचे झुडूप वाढते. टेक्सासने २००५ साली त्यास राज्याच्या देशी झुडपाचा मान दिला. आता ते झुडूप शोभेसाठी भारतातील रोपवाटिकांतही विकले जाते. परक्या मुलखातील रुपेरी झुडूप पैसे मोजून आणावयाचे आणि बांधावरचे रुपेरी झुडूप पहारीने खणून काढावयाचे, यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

रुई वाढली म्हणजे काय झाले?

माळावर रुई माजली म्हणून माळ बिघडला, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः क्रम उलटा आहे. गुरे व शेळ्यामेंढ्या चवदार गवत आणि झुडपे मुळापर्यंत खातात. रुईच्या कडू, विषारी पानांस मात्र सहसा तोंड लावीत नाहीत. चराई अतिरेकाची झाली की बाकीच्या वनस्पती नाहीशा होतात आणि रुई तेवढी उरते. अर्थात रुई हे रोगाचे लक्षण आहे, रोग नव्हे. लक्षण उपटून रोग बरा होत नाही. रुई खणून काढलेल्या माळावर चराई तशीच चालू राहिली, तर तेथे गवत येत नाही. उरलीसुरली माती मात्र पहिल्या वळवात वाहून जाते. राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या पारनेर व नगर तालुक्यांतील गावांनी माळ हिरवे केले ते पाणलोटाची कामे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांच्या जोरावर, हे सर्वश्रुत आहे.

रुई उपटण्याचे काम वाटते तितके सोपेही नाही. नांगराने किंवा कुदळीने वरचा भाग तुटला तरी जमिनीत राहिलेल्या मुळापासून नवे फुटवे येतात. एका झुडपाच्या जागी दोन-तीन कोंब आलेले पाहून शेतकरी तणनाशकाकडे वळतो. त्या फवाऱ्याने बांधावरचे गवतही जळते आणि बांध उघडा पडतो. पिकाच्या सरीत आलेली रुई काढलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. ती कोवळी असतानाच, पावसाळ्यात जमीन ओली असताना, सोटमुळासह उपटावी. बांधाच्या बाहेरील कडेवरची, ओघळीच्या काठची व मुरमाड उतारावरची रुई मात्र काढण्याचे कारण नाही. तेथे तिची मुळे माती धरून ठेवतात.

शनिवारचा हार आणि त्याची किंमत

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे क्षेत्र साऱ्या भारतात प्रसिद्ध आहे. उघड्या चौथऱ्यावरील शिळारूप शनिदेवास तेल व रुईच्या पानांचा हार अर्पण करण्याची प्रथा आहे. दर शनिवारी तेथे गर्दी असतेच. शनैश्चरी अमावास्येला व शनिजयंतीला ती अनेक पटींनी वाढते. शनिजयंती वैशाख अमावास्येस येते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्याआधी चैत्र पौर्णिमेस हनुमानजयंती असते. पुढे श्रावणातील शनिवारी पुन्हा मागणी चढते. याचा अर्थ असा की, वर्षातील काही मोठी तोड नेमकी त्या दिवसांत होते, ज्या दिवसांत झुडपाला जमिनीतून सर्वांत कमी पाणी मिळत असते.

हे हार येतात कोठून? त्यांतील पुष्कळशी पाने रस्त्याच्या कडेची, गायरानांतील व पडीक रानांतील असतात. ती गोळा करणारी माणसे बहुधा भूमिहीन असून त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. झुडूप कोणाचेच नसल्यामुळे ते जपण्याची जबाबदारीही कोणावर नसते. जो आधी पोहोचेल तो कोयत्याने फांद्याच तोडून नेतो. एका फांदीवरील चार-सहा चांगली पाने हाराला लागतात, आणि बाकीची फांदी तेथेच वाळत पडते. जवळची झुडपे अशी ओरबाडली गेली की दर आठवड्यास अधिक लांब जावे लागते. जाण्यायेण्याचा वेळ वाढतो. पानाची किंमत मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय रस्त्याकडेच्या पानांवर वाहनांचा धूर व धूळ बसलेली असते, आणि बांधावरच्या पानांवर आदल्या दिवशी कशाचा फवारा पडला आहे हे तोडणाऱ्या बाईस ठाऊक नसते.

रुई मुद्दाम लावण्याची खरी गरज या ठिकाणी उत्पन्न होते. देवाच्या हाराला लागणारे पान जर नेमाने, दर आठवड्यास लागत असेल, तर त्याची लागवडही नेमाने व्हावयास हवी. तुळस, झेंडू, शेवंती यांच्या बाबतीत ही गोष्ट कोणालाही सांगावी लागत नाही. रुई आपोआप येते, एवढ्याच कारणाने तिच्याबाबत हा विचार झालेला नाही.

तंतूचे आश्वासन आणि जट्रोफाचा धडा

रुईपासून दोन प्रकारचे तंतू मिळतात. एक खोडाच्या सालीपासून निघतो. तो बळकट असून पूर्वी त्याचे दोर, मासे पकडण्याच्या दोऱ्या व धनुष्याच्या प्रत्यंचा करीत. दुसरा बोंडातील रेशमी कापूस होय. हा तंतू पोकळ, हलका व उबदार असतो. पूर्वी तो उशांत भरीत. अलीकडे तो इतर तंतूंत मिसळून कापड व उबदार अस्तरे बनविण्याचे प्रयत्न भारतात चालू आहेत. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. तथापि शेतकऱ्याने त्यांतील अडचणीही जाणून घ्याव्यात. बोंडातील तंतू आखूड व गुळगुळीत असल्यामुळे एकट्याने नीट कातला जात नाही. दुसरी अडचण झाडाच्या स्वभावातच आहे. रुईचे पराग सुटे नसून लहान पुंजक्यांत बांधलेले असतात, आणि ते एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेण्याचे काम मुख्यतः मोठे काळे भुंगे करतात. त्यामुळे फुले शेकड्यांनी आली तरी बोंडे मोजकीच धरतात. फुलांचे गुच्छ पाहून कापसाचा हिशेब मांडणारा मनुष्य हमखास फसतो.

जट्रोफा म्हणजे मोगली एरंड याचा अनुभव फार जुना नाही. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली बायोडिझेलसाठी त्याच्या लागवडीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुचविला. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय, भरघोस तेलबी येईल अशी आशा देशभर पसरली. प्रत्यक्षात पडीक जमिनीत उत्पन्न अपेक्षेच्या मानाने फारच थोडे आले, खरेदीची व्यवस्था ठिकठिकाणी उभी राहिली नाही, आणि अनेकांनी झाडे काढून टाकली. पाण्याशिवाय जगणे ही एक गोष्ट आहे आणि पाण्याशिवाय भरपूर उत्पन्न देणे ही दुसरी. हा भेद न केल्यामुळे जट्रोफाबाबत निराशा पदरी आली. रुईबाबत तीच चूक पुन्हा होऊ नये. कोणी रुईची रोपे विकत देऊन कापूस खरेदीचे तोंडी आश्वासन देत असेल, तर लेखी करार, दर आणि खरेदीचे ठिकाण या तीन गोष्टी हाती आल्याखेरीज ज्वारी-बाजरीची एक गुंठाही जमीन तिच्याखाली घालू नये.

चिकाचा धोका

रुईसंबंधी लिहिताना तिच्या विषारीपणाकडे डोळेझाक करणे अक्षम्य ठरेल. तिच्या चिकात हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. पान, फूल, मूळ किंवा चीक पोटात घेण्याचे गावठी उपचार कोणीही स्वतःच्या मनाने करू नयेत. चिकाने कित्येकांच्या कातडीस पुरळ किंवा दाह होतो.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांस आहे. पाने तोडता-तोडता चीक लागलेला हात नकळत डोळ्याकडे जातो, किंवा फांदी तुटताना थेंब उडतो. या वेळी फारशी वेदना होईलच असे नाही, आणि म्हणूनच दुर्लक्ष होते. काही तासांनी दृष्टी धूसर होऊ लागते, उजेड सहन होत नाही. चीक बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या आतील नाजूक पेशींपर्यंत पोहोचून त्यांस इजा करू शकतो. यास्तव चीक डोळ्यात गेल्याची शंका आली तरी डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली तो पंधरा ते वीस मिनिटे सतत धुवावा व त्याच दिवशी नेत्रवैद्यास दाखवावा. दूध, मध, तूप असे काहीही घालू नये. वेळेवर उपचार झाल्यास दृष्टी बहुधा पूर्ववत् होते.

या कारणास्तव शाळेचे आवार, अंगणवाडी, मुलांच्या खेळाची जागा व गोठ्यालगतची जागा रुईसाठी वर्ज्य समजावी. तोडलेला पाला चाऱ्यात मिसळू देऊ नये. दुष्काळात उपाशी जनावर एरवी न खाणारी वस्तूही खाते, हे ध्यानात असावे.

जागेची निवड व लागवड

रुईसाठी हलकी, मुरमाड, निचऱ्याची व दिवसभर ऊन मिळणारी जागा निवडावी. बांधाची बाहेरील कड, नाल्याकाठचा उतार, खाणीचा भराव, गायरानाचा खडकाळ कोपरा या जागा योग्य होत. प्रवरा व मुळा कालव्यांखालील भारी काळी जमीन, पाणथळ किंवा चोपण जागा यांत ती लावू नये. साचलेल्या पाण्याने तिची मुळे कुजतात. कसदार जमीन रुईस देणे हा जमिनीचा अपव्यय होय.

रोपे बियांपासून किंवा फाटे लावून करता येतात. बियांसाठी निरोगी झुडपावरील बोंड उकलण्याच्या बेतात आले म्हणजे त्यावर पातळ कापड बांधावे, नाही तर बी वाऱ्यावर निघून जाते. तंतू वेगळा करून बी सावलीत वाळवावे आणि शक्यतो त्याच वर्षी वापरावे. वैशाखात वाळू, पोयटा व थोडे शेणखत यांचे मिश्रण भरलेल्या पिशव्यांत बी अर्धा इंच खोल टोकावे. पाऊस स्थिरावल्यावर, रोपे वीतभर असतानाच, जागेवर लावावीत. पिशवीत फार दिवस राहिल्यास सोटमूळ वळते व झुडपाचे मुख्य बळ तेथेच जाते. बी सरळ जागेवर टोकले तर ही अडचण येत नाही. मात्र त्या ठिकाणी पहिल्या महिन्यात गवत काढावे लागते.

पांढऱ्या फुलांची रुई हवी असेल तर फाटेच लावावेत, कारण बियांपासून आलेल्या रोपास आईसारखेच फूल येईल याची खात्री नसते. अंगठ्याएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे आठ-नऊ इंचांचे तुकडे करावेत आणि चीक वाळून जखम सुकेपर्यंत एक दिवस सावलीत ठेवावेत. मग वाळूमिश्रित मातीत ते निम्मे पुरावेत. आषाढातील दमट हवा त्यास मानवते. पाणी जपून द्यावे, कारण ओल अधिक झाल्यास फाटा बुडाशी कुजतो.

दोन झुडपांत चार ते पाच फूट अंतर ठेवावे. एक फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा पुरेसा होतो. उतारावर खड्ड्याच्या खालच्या अंगास मातीची चंद्रकोर बांधल्यास पावसाचे पाणी मुळाशी थांबते.

निगा आणि तोडणी

लावणीनंतर पावसात मोठा खंड पडला तर दोन-तीन वेळा पाणी द्यावे, आणि पहिल्या उन्हाळ्यात शक्य झाल्यास महिन्यातून एकदा. त्यानंतर पाण्याची गरज राहत नाही. रासायनिक खताचीही गरज नाही. अधिक खतपाण्याने पाने मोठी, पण लुसलुशीत होतात. त्यांवरची रुपेरी लव कमी होते आणि हारात ती लवकर मलूल पडतात.

पहिले एक वर्ष पाने तोडू नयेत. पुढे तोडतानाही एका वेळी झुडपावरील तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाने घेऊ नयेत व शेंड्याची कोवळी जोडी कधीही खुडू नये. कोयत्याने फांदी तोडण्याऐवजी सिकेटरने एकेक पान कापावे. लागवडीचे चार भाग पाडून दर शनिवारसाठी एकाच भागातील पाने घ्यावीत, म्हणजे प्रत्येक झुडपास महिनाभर विश्रांती मिळते. शनिजयंतीची मोठी तोड संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी, निम्मी झुडपे जमिनीपासून फूट-दीड फुटावर छाटावीत. रुईला छाटणी मानवते. पावसावर नवे फुटवे जोमाने येतात आणि श्रावणात ताजी पाने मिळू लागतात. उरलेली निम्मी झुडपे पुढील वर्षी छाटावीत.

तोडणाऱ्याने रबरी हातमोजे व साधा चष्मा वापरावा. कापलेली पाने थोडा वेळ देठ खाली करून ठेवावीत, म्हणजे चीक निथळतो. नंतर पाण्यात बुडवून काढावीत. काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याखेरीज तंबाखू, भाकर किंवा लहान मूल यांस हात लावू नये.

छाटणीत निघालेल्या पाल्याचे दोन उपयोग आहेत. दक्षिण भारतात भाताच्या खाचरात हिरवळीचे खत म्हणून रुईचा पाला घालण्याची पद्धत जुनी आहे; येथेही तो खताच्या खड्ड्यात घालता येतो. दुसरा उपयोग दशपर्णी अर्कातील होय. दोनशे लिटरच्या पिंपात कडुनिंब, निरगुडी, करंज, सीताफळ, एरंड इत्यादींच्या पाल्याबरोबर रुईचा पाला सुमारे दोन किलो घालतात. हा अर्क ढवळताना व गाळताना चिकाबाबतची खबरदारी तशीच पाळली पाहिजे.

पाहुणे आणि उपद्रवी

नारिंगी पंखांची, काळ्या-पांढऱ्या कडेची फुलपाखरे रुईवर अंडी घालतात. त्यांच्या पट्टेदार अळ्या काही पाने खातात, पण झुडूप मारीत नाहीत. हाताने स्पर्श करून देवाला वाहावयाच्या पानांवर त्यांच्यासाठी कीटकनाशक मारणे सर्वस्वी गैर होय. पिवळा मावा शेंड्यावर दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. बोंडांस फळमाशी व सोंडा यांचा उपद्रव होतो. बियांसाठी राखलेली बोंडे कापडाने बांधल्यास बऱ्याच अंशी वाचतात.

दोन गोष्टींबाबत मात्र सावध राहावे. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा रंगीत टोळ रुईवर वाढतो आणि संख्या फार झाल्यास जवळच्या पपईसारख्या पिकाकडे वळू शकतो. तो सकाळी सुस्त असतो, त्या वेळी हाताने वेचावा. कपाशीवरील पिठ्या ढेकूणही रुईवर आश्रय घेतो. म्हणून शेवगाव, पाथर्डी, नेवासे या भागांत कपाशीच्या अगदी लगत रुई लावू नये. आधीची असल्यास तिच्यावर लक्ष ठेवून कीडग्रस्त शेंडे कापून जाळावेत.

आक्षेपांचा विचार

रुई लावल्यास ती साऱ्या शिवारात पसरेल, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात बाहेरून गेलेली लहान रुई चराऊ कुरणांत उपद्रवी ठरली आहे. महाराष्ट्रात ती मूळचीच असून तिच्यावर जगणारे कीटकही येथे आहेत. तथापि उघड्या माळावर बी पडले की ती येणारच. लागवडीच्या रुईबाबत यावर सोपा उपाय आहे. बियांसाठी दोन-चार झुडपे राखून बाकीच्यांची बोंडे हिरवी असतानाच काढून टाकावीत. त्याने पसारा थांबतो व झुडपाचे बळ पानांत राहते.

दुसरा आक्षेप असा की, पानांचा धंदा लहान आहे आणि त्यात शेतकऱ्याच्या हाती फार काही पडणार नाही. हे खरेच आहे, आणि म्हणूनच एकरी लागवडीचा पुरस्कार येथे केलेला नाही. पाच-दहा गुंठ्यांचा मुरमाड तुकडा, ज्यात बाजरीही धड येत नाही, तेवढाच या झुडपाचा वाटा आहे. जेथे मंदिर व बाजार जवळ आहे तेथेच तो फलद्रूप होईल. जेथे मागणी नाही तेथे असलेली रुई राखावी. नवी लावण्याचा खटाटोप करू नये.

गावाने काय करावे?

हे काम एकट्या शेतकऱ्यापेक्षा गावाच्या हातून अधिक चांगले होईल. गायरानातील किंवा नाल्याकाठचा एक तुकडा ग्रामपंचायतीने ठरावाने रुईसाठी राखावा, आणि आज पाने गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या बचतगटाकडे त्याची निगा व तोडणी सोपवावी. ज्या बायका आज परक्या बांधावर चोरट्यासारख्या पाने तोडतात, त्यांस हक्काची झुडपे मिळाली तर त्या ती ओरबाडणार नाहीत. पुढच्या शनिवारीही त्यांस तेथेच यावयाचे असते. हातमोजे, चष्मे व सिकेटर यांचा खर्च अल्प आहे, आणि देवस्थानांनी तो उचलणे उचित ठरेल. ज्या हातांनी देवाचा हार गुंफला जातो त्या हातांचे व डोळ्यांचे रक्षण हा त्या सेवेचाच भाग मानला पाहिजे.

अवर्षणप्रवण प्रदेशातील शेतीचे शहाणपण प्रत्येक जमिनीस तिच्या कुवतीचे काम देण्यात आहे. चांगल्या जमिनीत धान्य, मध्यम जमिनीत चारा व फळझाडे, आणि जेथे यांपैकी काहीच टिकत नाही तेथे रुईसारखे झुडूप, हा क्रम ध्यानी ठेवावा. येत्या मृगापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने बांधावरील रुईकडे एकवार नीट पाहावे. सरीत आलेली काढावी, बांधाबाहेरची राखावी, मुलांच्या वाटेवरची हलवावी. तणनाशकाचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी एवढा विचार झाला, तरी पुष्कळ माती, पुष्कळ भुंगे व काही गरिबांचे शनिवार वाचतील.